९०० व्हीएचा इन्व्हर्टर बदलण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तालुक्याच्या गावी तुमचं ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. ९०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, इन्व्हर्टर किती लोड उचलतो त्याचं माप) इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरी किती साठवते त्याचं माप) ट्यूब्युलर बॅटरी, तिला तीन वर्षं झाली. लाईट गेल्यावर त्यावर दोन डेस्कटॉप, दोन पंखे, तीन एलईडी ट्यूब आणि एक राउटर चालतो. तक्रारी तीन. लेझर प्रिंटरला प्रिंट दिली की ओव्हरलोडचा दिवा लागतो आणि सगळं बंद पडतं. विकताना चार तासांचा बॅकअप सांगितला होता, मिळतो दीड तास. आणि संध्याकाळी लाईट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवरच चालतो, मग लाईट खरोखर जाते तेव्हा बॅटरी आधीच बसलेली असते. दुकानदार म्हणतो १५०० व्हीएचा घ्या, सगळं सुटेल. वर पाणी चढवायची अर्धा एचपीची मोटर यावर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात.

मोठा इन्व्हर्टर आत्ता घेऊ नका. तुमच्या तीन तक्रारी तीन वेगळ्या आकड्यांच्या आहेत. पहिली वॉटची, दुसरी एएचची, तिसरी व्होल्टची. १५०० व्हीएचं मशीन त्यातल्या फक्त पहिलीला हात घालतं, तेही अर्धवट. मशीनवर छापलेला आकडा खोटा नसतो, पण तो कुठल्या तरी अटीवर खरा असतो, आणि ती अट एक तर छापलेली नसते किंवा बारीक अक्षरात असते. दुरुस्तीला येणाऱ्या इन्व्हर्टरांपैकी कितीतरी धडधाकट असतात. आकडा आणि त्याची अट यांची ताटातूट झालेली असते, एवढंच.

पण सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करतो, कारण बाकी सगळा पैशांचा प्रश्न आहे आणि हा जिवाचा.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कॅपॅसिटर बसवलेले असतात. एक फेजपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर त्यांतून झिरपणारा किंचितसा करंट जमिनीत निघून जातो आणि तुम्हाला काही जाणवत नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या मधोमध तरंगत राहतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक पत्र्याला आणि दुसरं चांगल्या अर्थला लावा, १०० ते ११५ व्होल्ट दिसतील. इथेच व्होल्ट आणि अँपिअरमधला फरक हाताला कळतो. व्होल्ट म्हणजे करंट ढकलणारा दाब, अँपिअर म्हणजे प्रत्यक्षात किती करंट वाहतोय ते. तुमच्या पत्र्यावर दाब ११० चा आहे, पण ते कॅपॅसिटर इतके लहान असतात की बोटातून जाणारा करंट एका मिलीअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतो. म्हणून नुसत्या मुंग्या येतात. मिलीअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. साधारण १० मिलीअँपिअरच्या पुढे धरलेली वस्तू सोडता येईनाशी होते, आणि ३० च्या पुढचा करंट काही क्षण छातीतून गेला तर हृदयाला धोका असतो.

मग मुंग्यांचं एवढं काय? त्या सांगताहेत की तुमच्या दुकानात अर्थिंग नाही, किंवा कागदावरच आहे. उद्या एखादी वायर सोलून फेज खरोखर पत्र्याला टेकला, तर करंटला परत जायला वाटच नसल्यामुळे फ्यूज उडणार नाही, एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडणार नाही, आणि पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर हात लागायची वाट पाहत राहील. एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असते. ६ अँपिअरची एमसीबी ६ अँपिअर निमूटपणे वाहू देते, आणि माणसाला घातक ठरणारा करंट त्याच्या दोनशेव्या भागाएवढाच आहे. माणसासाठी असते ती आरसीसीबी, ३० मिलीअँपिअरची. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढं ती पाहत असते आणि फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडते.

इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन कामं करून घ्या. अर्थिंगचा खड्डा तपासून अर्थ टेस्टरने मोजणी. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका, मीटरला दिसणारी अर्थ प्रत्यक्ष करंट वाहायची वेळ आली की कामाची नसू शकते. प्रत्येक बोर्डाच्या तीन पिनांच्या सॉकेटपर्यंत, आणि इन्व्हर्टरच्या आउटपुटपर्यंतही, हिरवी वायर गेली आहे याची खात्री. आणि एक आरसीसीबी. एक इशारा आत्ताच देऊन ठेवतो. आरसीसीबी लावल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर गेला की ती पडू लागेल, असं बऱ्याचदा होतं. कारण इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल कुठल्या तरी बोर्डात एकत्र केलेले असतात. अशा वेळी काही जण आरसीसीबीच काढून टाकतात. तसं करू देऊ नका, न्यूट्रल वेगळे करायला लावा. काम किचकट आहे, पण होतं.

आता पहिली तक्रार, प्रिंटरची.

व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की व्हीए मिळतो. वॉट म्हणजे त्यातला जो भाग खरोखर कामात किंवा उष्णतेत जातो तो. इस्त्री, गीझर, साधा बल्ब यांच्यात दोन्ही आकडे एकच असतात. पंखा, मोटर आणि स्वस्त एसएमपीएस यांच्यात तसं नसतं. मोटरच्या गुंडाळीत थोडा करंट नुसता येत-जात राहतो; एसएमपीएस करंट सलग न घेता झटक्याझटक्याने ओढतो. या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर. घरगुती इन्व्हर्टरमध्ये तो साधारण ०.८ धरलेला असतो, म्हणून ९०० व्हीएच्या मशीनची खरी ताकद ७०० ते ७५० वॉट. तुमच्या इन्व्हर्टरच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात हा वॉटचा आकडा असतो, तो शोधा. कंपन्या व्हीएचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात, कारण तो मोठा दिसतो. पण व्हीएची मर्यादाही खरीच असते. आतले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे भाग) आणि ट्रान्सफॉर्मरची तांब्याची गुंडाळी करंटने तापतात, तो करंट कामाचा असो की बिनकामाचा. त्यामुळे दोन्हींपैकी जी मर्यादा आधी येईल ती पाळावी लागते.

तुमचा लोड मांडू. एलईडी मॉनिटरसह डेस्कटॉप प्रत्येकी ११० वॉट धरला तर २२०. साधे छताचे पंखे ७५ चे, दोन म्हणजे १५०. ट्यूब २० च्या तीन, ६०. राउटर १०. बेरीज ४४०. डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड असेल तर हा आकडा वाढेल, पण फॉर्म भरायच्या मशीनमध्ये ते सहसा नसतं. ७०० वॉटच्या मशीनवर ४४० सुखाने चालतात. आता लेझर प्रिंटर पाहा. टोनरची पावडर कागदावर पक्की करायला तो आतला फ्यूजर १८० ते २०० अंशांपर्यंत तापवतो, आणि तो हीटर चालू होतो त्या काही क्षणांत ८०० ते १००० वॉट ओढतो. प्रिंटरच्या लेबलवर सरासरी छापलेली असते, ती बरीच कमी दिसते. इन्व्हर्टरला सरासरी कळत नाही, त्याला तो झटका दिसतो. ४४० अधिक ९०० म्हणजे १३४०. मशीन बंद पडतं ते स्वतःला वाचवायला, आणि ते योग्यच करतं.

१५०० व्हीएच्या मशीनची ताकद साधारण १२०० वॉट. म्हणजे तिथेही प्रिंटर काठावरच. म्हणून माझा सल्ला असा: लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून सरळ मेनच्या पॉइंटवर घ्या. लाईट नसताना प्रिंट द्यावीच लागत असेल तर एक इंक टँक प्रिंटर जवळ ठेवा; तो छापताना १५-२० वॉटच्या आसपास खातो. पावती, सातबारा, हॉल तिकीट असल्या कामाला तो पुरतो, आणि त्याची किंमत नव्या इन्व्हर्टर-बॅटरीच्या जोडीपेक्षा खूपच कमी.

मोटरचं उत्तरही इथेच देऊन टाकतो. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट, पण ते मोटरच्या शाफ्टवर मिळणारं काम. अर्धा एचपी काम देणारी छोटी सिंगल फेज मोटर विजेकडून ६०० वॉट किंवा त्याहून थोडं जास्त घेते, कारण उरलेलं उष्णतेत जातं. आणि सुरू होताना, पंपातला पंखा फिरायला लागेपर्यंत, ती चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. ९०० व्हीएवर ती चालणार नाही. लाईट असताना टाकी भरून ठेवा.

दुसरी तक्रार एएचची. चार तास आले कुठून ते पाहा, कारण दुकानदाराने हवेतून काढलेले नाहीत. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॉट-अवर. १००० वॉट-अवरचं एक युनिट, तेच तुमच्या वीजबिलातलं युनिट. म्हणजे लेबलप्रमाणे बॅटरीत १.८ युनिट आहेत. १८०० ला ४४० ने भागलं की चार तास. गणित बरोबर, फक्त तीन वजाबाक्या राहून गेल्या.

पहिली वजाबाकी इन्व्हर्टरची. बॅटरीतला डीसी करंट एसी करताना सुमारे वीस टक्के उष्णतेत जातात, म्हणून ४४० वॉट द्यायला बॅटरीतून ५५० वॉट निघतात. १२ व्होल्टवर ५५० वॉट म्हणजे ४६ अँपिअर. १८०० भागिले ५५० करा, सव्वातीन तास उरले.

दुसरी वजाबाकी लोकांना माहीत नसते, आणि सगळ्यात जास्त वाद तिच्यावरून होतात. बॅटरीवर १५० एएचच्या शेजारी सी-२० असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, ही बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी केली तर १५० एएच देईल, म्हणजे सलग ७.५ अँपिअर या दराने. तुम्ही ओढताय ४६, सहा पट. लेड-ॲसिड बॅटरी जितक्या जोरात उपसाल तितकी तिच्यातून मिळणारी एकूण वीजच कमी होते, कारण प्लेटच्या आतल्या भागापर्यंत ॲसिड पोचायला वेळ लागतो आणि तोवर व्होल्टेज खाली येऊन इन्व्हर्टर बंद करतो. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने हा नियम १८९७ मध्येच मांडला. दोन-तीन तासांत रिकामी होईल अशा दराने ओढलं तर सी-२० च्या आकड्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग हाती लागतो. सव्वातीनचे झाले दोन तासांच्या थोडे पुढे. बॅटऱ्यांची तुलना करताना एक सी-२० चा आणि दुसरा सी-१० चा आकडा शेजारी ठेवू नका. सोलरसाठीच्या बॅटऱ्यांवर बहुधा सी-१० असतं. १५० एएच सी-१० ही बॅटरी १५० एएच सी-२० पेक्षा मोठी असते आणि उचलून पाहिलं तरी जड लागते.

तिसरी वजाबाकी वयाची. तीन वर्षं वापरलेली बॅटरी नव्याच्या सत्तर टक्के देत असेल तर ती वयाप्रमाणे ठीकच म्हणायची. दोन तासांचे सत्तर टक्के म्हणजे जवळपास दीड तास. तुम्हाला मिळतो तेवढाच. थोडक्यात, तुमचा इन्व्हर्टर आणि बॅटरी दोघंही आपापलं काम करताहेत. विकताना सांगितलेला आकडा बिनअटीचा होता.

तरीही बॅटरी तपासून घ्या, कारण सत्तर टक्के हा माझा अंदाज आहे. हायड्रोमीटर स्वस्तात मिळतो. बॅटरी पूर्ण चार्ज करून, चार-पाच तास स्वस्थ ठेवून, सहाही सेलची ग्रॅव्हिटी (आतलं ॲसिड पाण्याच्या तुलनेत किती जड आहे तो आकडा, पाणी म्हणजे १०००) घ्या. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत ती १२४० च्या आसपास यायला हवी. सगळे सेल १२०० च्या खाली असतील तर बॅटरी पूर्ण चार्जच होत नाहीये. पाच सेल चांगले आणि एक तीस-चाळीस पॉइंटने मागे असेल तर तो सेल गेलाय, आणि तो एकटा बाकी पाचांना ओढून खाली आणतो. पाणी टाकायचं ते डिस्टिल्डच. नळाचं किंवा आरओचं नको, आणि ॲसिड तर कधीच नको. ग्रॅव्हिटी कमी दिसली म्हणून ॲसिड ओतणारे भेटतात. त्याने काटा वर येतो आणि प्लेटा जळतात. हे करताना खिडकी उघडी ठेवा आणि जवळ काडी पेटवू नका, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो.

बॅटरीच्या वायरीही पाहा. १२ व्होल्टच्या बाजूला ४६ अँपिअर वाहतात, म्हणूनच त्या वायरी एवढ्या जाड आणि आखूड असतात. लाईट गेल्यावर दहा मिनिटांनी दोन्ही टर्मिनलच्या थिंबलजवळ (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) हात नेऊन पाहा. एक गरम आणि एक थंड असेल तर गरम असलेलं ढिलं आहे किंवा गंजलंय. तिथे अर्धा व्होल्ट जरी पडला तरी इन्व्हर्टरला बॅटरी अर्ध्या व्होल्टने कमी दिसते आणि तो लवकर बंद करतो. इन्व्हर्टर बंद करून, थिंबल काढून, पांढरट-हिरवट साचलेलं घासून, आवळून वर व्हॅसलीन लावा. एवढ्याने काहींचे दहा-पंधरा मिनिटं वाढतात.

आता तिसरी तक्रार, आणि माझ्या मते मूळ दुखणं हेच आहे.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल, इको किंवा असंच काहीतरी लिहिलेलं. यूपीएसवर असेल तर बहुतेक मशीनं मेनचा व्होल्टेज १८० ते २६० च्या मध्ये असेल तरच तो स्वीकारतात. १८० च्या खाली गेला की त्यांच्या लेखी लाईट गेली. ट्यूब लागलेली असते, पंखा हळूहळू फिरत असतो, पण इन्व्हर्टर बॅटरीवर. नॉर्मलवर हीच मर्यादा साधारण १०० ते २९० असते. गावाकडे संध्याकाळी सहा ते दहा व्होल्टेज १७० पर्यंत उतरणं नवीन नाही. तुमच्याकडे तेच होत असणार असा माझा कयास आहे. मल्टिमीटरने सॉकेटवर मोजा, तेव्हा नक्की कळेल.

दुसऱ्या तक्रारीतही हेच कशी भर घालतं ते सांगतो. मेन स्वीकारलाच नाही तर चार्जिंगही होत नाही. म्हणजे रोज संध्याकाळी बॅटरी उपसली जाते आणि ज्या वेळेत भरायला हवी ती वेळ वाया जाते. दीड तासात उपसलेले ७० एएच परत भरायला १५ अँपिअरच्या चार्जिंगने सात-आठ तास लागतात, कारण शेवटी चार्जिंगचा करंट कमी होत जातो. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची जाते. याच अवस्थेत तुम्ही नवी बॅटरी लावलीत तर दोन वर्षांत तिचीही तीच गत होईल. मोठा इन्व्हर्टर घेतला तरी तोही १८० ला मेन सोडणारच.

सोपा उपाय म्हणजे स्विच नॉर्मलवर टाकणं, पण त्यालाही अट आहे. यूपीएसवर बदली साधारण १० मिलीसेकंदांत होते, नॉर्मलवर २० ते ४० लागू शकतात. एसएमपीएसमधले कॅपॅसिटर पूर्ण लोडवर १५-२० मिलीसेकंद तग धरतात, हलक्या लोडवर त्याहून जास्त. तुमचे डेस्कटॉप हलक्या लोडचे आहेत, त्यामुळे टिकूनही जातील. दिवसा, फॉर्म उघडा नसताना, मेन स्विच बंद करून दोन-चार वेळा पाहा. दोन्ही मशीनं रीस्टार्ट न होता चालली तर नॉर्मलवरच राहू द्या. एखादं रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या आधी, म्हणजे मेनच्या बाजूला, २ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा. इन्व्हर्टरच्या आउटपुटवर लावू नका, त्याचा काही उपयोग नाही. स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही, हेही लक्षात असू द्या. १७० चे २३० करायला तो लाइनमधून सुमारे ३५ टक्के जास्त करंट ओढतो. तुमची वायर आधीच कमजोर असेल तर तो दुखणं वाढवतो.

म्हणून स्टॅबिलायझर घेण्याआधी एक चाचणी कराच. संध्याकाळी व्होल्टेज मोजा, मग १००० वॉटची इस्त्री लावून पुन्हा मोजा, शक्य तर मीटरपेटीजवळच्या सॉकेटवर. दोन-चार व्होल्ट पडले तर तुमचं वायरिंग ठीक आहे आणि कमी दाब बाहेरूनच येतोय. ट्रान्सफॉर्मर लांब असेल किंवा त्याच्यावर भार जास्त असेल. मग वीज कंपनीकडे लेखी तक्रार हाच मार्ग, आणि रोजच्या वेळेसह लिहून ठेवलेले आकडे तिथे कामी येतात. पण इस्त्री लावल्यावर बारा-तेरा व्होल्ट पडले तर सर्व्हिस वायरचा (खांबापासून मीटरपर्यंत येणारी वायर) एखादा सांधा ढिला असण्याची दाट शक्यता आहे. पूर्ण दाब असेल तर इस्त्री चारच्या थोडे वर अँपिअर घेते, कमी दाबावर त्याहून कमी. १३ व्होल्ट गुणिले ४.३ म्हणजे ५५ वॉटपर्यंत त्या एका सांध्यात जळताहेत. आमचा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. इस्त्रीएवढा लोड चालू असेपर्यंत तसले जवळपास दोन आयर्न तिथे तापत ठेवल्यासारखं आहे ते. असे सांधे काळे पडलेले, वायरचं वरचं आवरण वितळलेलं, कधी जळका वास येत असलेले मी खूप पाहिलेत. मीटरच्या आधीच्या सांध्याला स्वतः हात लावू नका, वायरमनला बोलवा.

आणि मोजताना व्होल्टेज कधी २६० च्या वर दिसला, किंवा काही दिवे भगभगीत आणि काही मंद होताना दिसले, तर थांबू नका, मेन स्विच बंद करा. बाहेर कुठेतरी न्यूट्रल सुटल्याची ती खूण असू शकते. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं ४०० व्होल्टच्या मध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्याचा लोड कमी त्याच्याकडे जास्त व्होल्टेज जातो. एका गल्लीतले टीव्ही आणि फ्रिज एकाच रात्री जळतात ते असे.

तर क्रम असा: अर्थिंग आणि आरसीसीबी, मग व्होल्टेजची मोजणी आणि स्विच, मग बॅटरीची ग्रॅव्हिटी आणि थिंबल, मग प्रिंटर मेनवर. पुढे पैसे घालायचेच असतील तर आधी लोड कमी करण्यात घाला. दोन साधे पंखे बदलून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर १५० चे ६० वॉट होतात. ४४० चा लोड ३५० वर येतो, आणि बॅटरी हळू उपसल्यामुळे बॅकअप लोडच्या प्रमाणाहूनही थोडा जास्त वाढतो. तुमच्या इन्व्हर्टरवर पंखा गुणगुणत असेल तर तो इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा आहे, म्हणजे त्याची वीज मेनसारखी गुळगुळीत लाटेची नसून चौकोनी लाटेची असते. चालू आहे तोवर चालू द्या, पण पुढचा घेताना साइन वेव्हचाच, म्हणजे मेनसारख्या लाटेचा, घ्या. पंखे आणि मोटरी त्यावर थंड राहतात.

तुमच्याकडे लाईट रोज तीन-चार तास जात असेल तर मात्र माझं उत्तर बदलतं. मग २४ व्होल्टचं मशीन आणि दोन नव्या बॅटऱ्या घेणं रास्त आहे. १५०० व्हीएची बरीच मशीनं २४ व्होल्टचीच असतात, म्हणजे दुसरी बॅटरी लागणारच. ही गोष्ट दुकानदाराने सांगितली होती का, ते विचारा. ५५० वॉटला २४ व्होल्टवर २३ अँपिअरच लागतात, प्रत्येक बॅटरीवरचा ताण निम्मा होतो, त्यामुळे बॅकअप दुपटीहून अधिक मिळतो. जुनी बॅटरी आणि नवी बॅटरी सीरिजमध्ये (एकामागे एक) जोडू नका, जुनी आधी रिकामी होते आणि नवीलाही खराब करते. लिथियमची चौकशी करत असाल तर तुमच्या आत्ताच्या इन्व्हर्टरला लिथियमची चार्जिंग सेटिंग आहे का, ते आधी पाहा. नसेल तर त्यावर लिथियम लावू नका.

मोजणी झाल्यावर हे आकडे इथे लिहा: संध्याकाळी सात आणि नऊचा व्होल्टेज, इस्त्री लावल्यावरचा व्होल्टेज, सहा सेलची ग्रॅव्हिटी, इन्व्हर्टरच्या पाठीवरचा वॉटचा आकडा, आणि दिवसाला लाईट किती वेळ जाते ते. ते पाहून बॅटरी बदलायची की आणखी वर्षभर चालवायची, हे सांगता येईल.